भविष्यातले मधुमेही मोजणाऱ्या मॉडेलची परीक्षा कशी घ्यायची?

जून २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, तेव्हा सगळ्यात जास्त बोललं गेलं ते गोव्याबद्दल. तिथल्या प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना मधुमेह, म्हणजे चौघांत एकाहून थोडे जास्तच. देशाचा आकडा १०.१ कोटी. आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेह म्हणण्याइतकी नाही.

त्या आठवड्यात मला तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ सालासाठी भारताचा आकडा ७.४ कोटी दिला होता. इंडियाबचा १०.१ कोटीही २०२१ सालाचाच. वर्ष एक, देश एक, मग पावणेतीन कोटी माणसं मध्येच कुठून आली? आणि आजच्या आकड्यावर एकमत नसेल, तर 'अमुक केलं तर २०५० पर्यंत इतके रुग्ण कमी होतील' हे सांगणाऱ्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इंडियाबने १,१३,०४३ लोकांना प्रत्यक्ष भेटून, रक्त तपासून अंदाज बांधला. महासंघाचा आकडा आधीच्या उपलब्ध अभ्यासांवरून गणिताने काढलेला होता. अवघड आहे तो दुसरा प्रश्न. मिठाचं प्रमाण, गोड पेयांवरचा कर, शाळेतलं जेवण, गावोगावच्या तपासण्या, असे निर्णय पुष्कळदा अशाच गणिताच्या आधारावर घेतले जातात. म्हणून त्या गणिताची परीक्षा कशी होते, हे आपल्यालाही कळायला हवं.

## गच्चीवरच्या टाकीपासून सुरुवात करू

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून पाणी पडतं, खालून वापराने जातं. पातळी किती, हे दोन्हींवर ठरतं. मधुमेहींची टाकीही अशीच असते. वरून नवे रुग्ण येतात आणि खालून बाहेर पडायचा रस्ता मुख्यतः एकच, तो म्हणजे मृत्यू. आता उपचार सुधारले, गोळ्या आणि इन्सुलिन वेळेवर मिळालं, माणसं दहा वर्षं जास्त जगली, तर टाकीची पातळी वाढते. 'मधुमेही वाढले' या बातमीत थोडी चांगली बातमीही दडलेली असू शकते ती अशी. नवे रुग्ण वाढले की जुने जास्त जगले, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही.

सिम्युलेशन मॉडेल म्हणजे अशा पुष्कळ टाक्या पाइपांनी जोडलेल्या: निरोगी, उंबरठ्यावरचे, मधुमेही, किडनी बिघडलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. प्रत्येक पाइपमधून वर्षाला शंभरातले किती जण पुढच्या टाकीत जातात, ते आकडे भरायचे आणि संगणकाला सांगायचं, आता तीस वर्षं पुढे चालव. काही मॉडेलं याहून बारकाईने जातात. ती संगणकात लाखभर काल्पनिक माणसांचं गावच वसवतात. प्रत्येकाला वय, वजन, रक्तदाब, साखर दिलेली असते आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने म्हातारा होतो. मग त्या गावाची दुसरी प्रत काढायची, तिथे सगळ्यांना रोज अर्धा तास चालायला लावायचं, आणि दोन गावांत किती फरक पडला ते मोजायचं.

खऱ्या आयुष्यात हे कधीच करता येत नाही. एकच गाव दोनदा जगता येत नाही. मॉडेलची ओढ वाटते ती यामुळे, आणि धोकाही इथेच आहे. कारण संगणकातलं गाव किती खरं आहे, हे संगणक सांगत नाही.

## २००४ चा अंदाज का मागे पडला

या विषयात सगळ्यात जास्त उल्लेख झालेला एक अंदाज २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात २००० साली ३.१७ कोटी मधुमेही होते, २०३० पर्यंत ते ७.९४ कोटी होतील, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा तो आकडा ऐकून लोक हादरले होते. आता वर पुन्हा पाहा. इंडियाबच्या हिशेबाने २०२१ मध्येच ते १०.१ कोटी होते. त्याआधी १९९८ मध्ये आलेल्या अंदाजात तर २०२५ साली भारतात ५.७ कोटी आणि जगात ३० कोटी मधुमेही असतील असं होतं. महासंघाच्या हिशेबाने २०२४ मध्येच जगाचा आकडा ५८.९ कोटींवर गेला होता.

हे अंदाज बांधणारे निष्काळजी नव्हते. २००४ च्या लेखात त्यांनी आपलं गृहीतक स्वच्छ लिहिलं होतं. लोकसंख्या वाढेल, लोक म्हातारे होतील, शहरात येतील. पण ठरावीक वयाच्या, ठरावीक वस्तीतल्या माणसाला मधुमेह असण्याचं प्रमाण आज आहे तेवढंच राहील. म्हणजे २००० सालचा पंचेचाळीस वर्षांचा शहरी माणूस आणि २०३० सालचा तसाच माणूस सारखेच धरले होते. मधल्या काळात त्या माणसाचं ताट बदललं, पायी चालणं सुटलं, पोट पुढे आलं. टाकीत पाणी सोडणारा नळच मोठा झाला आणि गणितात तो जुन्याच मापाचा होता.

यातून मी एक सवय लावून घेतली आहे. अंदाज वाचताना आधी 'जर' शोधायचा. बातमीत 'होतील' असतं, मूळ लेखात 'अमुक तसंच राहिलं तर होतील' असतं. तो 'जर' बातमीपर्यंत पोचताना गळून पडतो.

## पेपर फुटलेला विद्यार्थी

दहावीच्या मुलाला गणितात ९८ मिळाले. मग कळलं की प्रश्नपत्रिका त्याला आदल्या रात्रीच मिळाली होती. त्या ९८ चं काय करायचं? मुलगा हुशार असेलही, पण हे गुण ते सिद्ध करत नाहीत.

मॉडेलचंही असंच होतं. मॉडेल बांधताना त्यातले खटके फिरवून ते जुन्या माहितीशी जुळवून घेतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. वाणी तराजूचा काटा शून्यावर आणतो तसंच. ते गरजेचं आहे, पण ती तयारी झाली, परीक्षा नव्हे. 'आमचं मॉडेल गेल्या वीस वर्षांच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतं' असं कुणी सांगितलं, तर विचारायचं: त्याच वीस वर्षांच्या आकड्यांवरून ते बांधलं होतं का?

खरी परीक्षा न पाहिलेल्या पेपरवर होते. अमेरिकेत डेव्हिड एडी आणि लेनर्ड श्लेसिंगर यांनी 'आर्किमिडीज' नावाचं मधुमेहाचं मॉडेल बांधलं आणि २००३ मध्ये त्याची परीक्षा जाहीर केली. त्यांनी १८ वैद्यकीय चाचण्या घेतल्या, प्रत्येक चाचणीत होते तसे रुग्ण संगणकात तयार केले, तेच उपचार दिले आणि आलेले निकाल खऱ्या निकालांशी ताडून पाहिले. ७४ तुलनांपैकी ७१ मध्ये सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक सापडला नाही. मला मात्र याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दुसरा आकडा: १८ पैकी १० चाचण्या मॉडेल बांधताना वापरलेल्याच नव्हत्या. त्या दहा म्हणजे न फुटलेले पेपर.

या परीक्षांचे प्रकार २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच नावांखाली मांडले. रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला मॉडेलची रचना पटते का. आतली बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे का. दुसऱ्यांचं मॉडेल त्याच प्रश्नाला काय म्हणतं. खऱ्या माहितीशी निकाल जुळतो का. आणि जे अजून घडलेलंच नाही ते आधी सांगून नंतर खरं ठरतं का. पहिल्या दोन परीक्षा बहुतेक जण पास होतात. कस लागतो तो पुढच्या तिन्हींत.

## एकच चाचणी, दोन मॉडेलं, जमीन-अस्मानाचं अंतर

अमेरिकेत २००२ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक. काहींना आहार-व्यायामाचा शिस्तीचा कार्यक्रम दिला, काहींना मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारं औषध, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. कार्यक्रमवाल्या गटात मधुमेह होण्याचा वार्षिक वेग ५८ टक्क्यांनी घटला. हा ५८ टक्क्यांचा आकडा पुढे जगभर फिरला. पण चाचणी चालली सरासरी २.८ वर्षं. सरकारला आणि विमा कंपन्यांना तीस वर्षांचं उत्तर हवं होतं, आणि ते मॉडेलशिवाय मिळणार नव्हतं.

२००५ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन लेख आले. चाचणी तीच, प्रश्नही जवळपास तोच. पहिल्या मॉडेलने सांगितलं की या कार्यक्रमाने मधुमेह सरासरी ११ वर्षं लांबतो आणि निरोगी आयुष्याचं एक वर्ष मिळवायला आरोग्यव्यवस्थेला सुमारे १,१०० डॉलर पडतात, म्हणजे जवळजवळ फुकट. दुसरं मॉडेल आर्किमिडीज. त्याच्या मते तीस वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता ७२ टक्क्यांवरून ६१ वर येते, आणि आरोग्य विमा योजनेच्या बाजूने पाहिलं तर त्याच एका वर्षाची किंमत १,४३,००० डॉलर.

शंभरपटीहून जास्त फरक! एका मॉडेलमध्ये सरळ चूक आणि दुसरं बरोबर, असं ते नव्हतं. साखर किती वेगाने चढत जाते, याबद्दल दोघांची गृहीतकं वेगळी होती. एकाने माणसाच्या मृत्यूपर्यंतचा हिशेब धरला, दुसऱ्याने तीस वर्षांचा. खर्च कुणाच्या खिशातून मोजायचा, तेही वेगळं.

मग वेळेने पेपर तपासला. त्याच लोकांचा माग ठेवल्यावर २००९ मध्ये दिसलं की कार्यक्रमाने मधुमेह सुमारे चार वर्षं लांबला. २०१५ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला: कार्यक्रमवाल्या गटात ५५ टक्के, दिखाऊ गोळीवाल्या गटात ६२ टक्के मधुमेही झाले होते. इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. मूळ चाचणी संपल्यावर दिखाऊ गोळीवाल्यांनाही आहार-व्यायामाचे वर्ग दिले गेले, कारण फायदा दिसल्यावर त्यांना वंचित ठेवणं अनैतिक ठरलं असतं. त्यामुळे दोन गटांतलं अंतर कमी होणारच होतं. तरीही अकरा वर्षांचा आकडा मला फुगलेला वाटतो. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या, सहा वर्षांच्या अशाच कार्यक्रमाचा तीस वर्षांनंतरचा निकाल २०१९ मध्ये आला. तिथेही मधुमेह लांबला तो जवळजवळ चारच वर्षं. पण त्या चार वर्षांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे २६ टक्क्यांनी घटले आणि आयुष्य सरासरी १.४४ वर्षांनी वाढलं. फायदा पक्का होता, मॉडेलने सांगितला त्या आकाराचा मात्र नव्हता.

मधुमेहाची मॉडेलं बांधणारे गट आता अधूनमधून एकत्र बसून एकमेकांसमोर अशी परीक्षा देतात. पहिली बैठक अमेरिकेतल्या माउंट हूड डोंगरावर झाली, म्हणून तिचं नाव 'माउंट हूड चॅलेंज'. २०१० मध्ये स्वीडनमधल्या माल्मो शहरात आठ मॉडेलं उतरली. 'या उपचाराने धोका किती पटीने घटेल' हे बहुतेकांना बरं जमलं. 'शंभरातल्या नेमक्या किती जणांना झटका येईल' इथे मात्र ती अडखळली. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे आल्यावर तोच सगळ्यात महाग पडतो.

## चेन्नईत काय झालं

डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने चेन्नईत अमेरिकेसारखीच चाचणी केली, ५३१ लोकांवर. निकाल २००६ मध्ये आला. दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहू.

अमेरिकेत ज्यांना काहीच खरा उपचार नव्हता, त्यांच्यातले तीन वर्षांत २८.९ टक्के मधुमेही झाले. चेन्नईत ५५ टक्के. तीन वर्षांत निम्म्याहून जास्त! आणि ही माणसं लठ्ठही नव्हती. वजन-उंचीचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अमेरिकेत सरासरी ३४ होतं, चेन्नईत २५.८.

आता कार्यक्रमाचा परिणाम. अमेरिकेत तीन वर्षांतलं प्रमाण २८.९ वरून १४.४ वर आलं, म्हणजे निम्मं झालं. चेन्नईत ५५ वरून ३९.३ वर आलं, म्हणजे पावपेक्षा थोडं जास्त घटलं.

समजा एखाद्याने अमेरिकेतलं 'निम्मं' उचललं आणि चेन्नईच्या ५५ वर लावलं. उत्तर येईल, शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीस जण वाचतील. प्रत्यक्षात वाचले पंधरा-सोळा. अंदाज जवळजवळ दुप्पट फुगला.

पण याहून फसवी गोष्ट पुढे आहे. समजा दुसऱ्याने सगळेच आकडे अमेरिकेतले घेतले, सुरुवातीचा धोकाही आणि परिणामही. त्याचं उत्तर येईल, शंभरातले चौदा-पंधरा वाचतील. चेन्नईत वाचले पंधरा-सोळा. जुळलं! परीक्षा फक्त 'किती वाचले' यावर घेतली, तर हे मॉडेल अव्वल ठरेल. आत मात्र दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत: धोका खूप कमी धरला आणि उपचाराची ताकद खूप जास्त. त्यावर विसंबून जिल्ह्याने तीन वर्षांनंतरच्या गोळ्यांचा, साखर तपासायच्या पट्ट्यांचा, डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज बांधला, तर तो शंभरामागे चौदा रुग्णांचा असेल. दारात उभे राहतील एकोणचाळीस.

म्हणून उत्तर बरोबर आलं की परीक्षा संपली, असं मानता येत नाही. शाळेत आपण पायऱ्यांना गुण देतो, ते उगाच नाही.

परमुलखातलं सूत्र घसरतं हा अनुभव एकट्या आपला नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासावरून हृदयविकाराचा धोका सांगणारं सूत्र ब्रिटिश पुरुषांवर लावून पाहिलं, तेव्हा सूत्र म्हणालं दहा वर्षांत १६ टक्क्यांना त्रास होईल, झाला १०.२ टक्क्यांना. तिथे धोका फुगला, चेन्नईत तो आटला असता. चूक कुठल्या बाजूला जाईल हेही आधी सांगता येत नाही.

आपल्याकडे असं का होतं, याचं एक चित्र पुण्यात तयार झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघेही सडपातळ. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वजनकाट्यावर जुळी भावंडं वाटावीत अशी दोन माणसं, आणि चरबी दुपटीहून जास्त. संगणकातल्या गावात माणसाला फक्त बीएमआय दिला असेल, तर हे दोघे त्या गावात एकच माणूस आहेत.

## 'पण आमच्या घरात तर उलटंच झालं'

हा आक्षेप मी स्वतः घेतला होता, म्हणून त्यावर मोकळेपणाने लिहितो.

माझे वडील अठ्ठावन्न वर्षांचे असताना एका डॉक्टरांनी त्यांच्यासमोर रंगीत चौकोनांचा तक्ता ठेवला. वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह यांवरून पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका सांगणारा. हिरवा म्हणजे शंभरात दहापेक्षा कमी, मग पिवळा, केशरी, लाल. डॉक्टरांनी पेनाचं टोपण एका हिरव्या चौकोनावर टेकवलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही हिरव्यात आहात." बाबा घरी येऊन तसंच आईला म्हणाले, हिरव्यात आहोत. सव्वा वर्षाने पहाटे पाच वाजता त्यांच्या छातीत कळ आली. वाचले, स्टेंट पडला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मला तो हिरवा चौकोन सारखा आठवत होता आणि त्याचा भयंकर राग येत होता.

तो राग चुकीच्या जागी होता, हे कळायला वेळ लागला. 'शंभरात दहापेक्षा कमी' म्हणजे शून्य नव्हे. हिरव्या चौकोनातल्या शंभरांपैकी काही जणांना झटका येणारच होता, आणि बाबा त्यांतले एक निघाले. हवामान खात्याने पावसाची शक्यता कमी सांगितली आणि नेमके आपण भिजलो, तेवढ्याने अंदाज खोटा ठरत नाही. खोटा ठरवायचा तर 'शक्यता कमी' सांगितलेले सगळे दिवस घ्यायचे आणि त्यांतल्या किती दिवशी पाऊस पडला ते मोजायचं.

बाबांच्या तक्त्याची परीक्षाही तशीच व्हायला हवी. हिरव्यात बसवलेली हजार मराठी माणसं घ्या, दहा वर्षं त्यांचा माग ठेवा. शंभराच्या आत झटके आले, तर तक्ता आपल्यासाठी ठीक. दीडशे आले, तर तो आपल्यासाठी चुकीचा, मग त्याच्यामागे जगातली कितीही मोठी संस्था असो. माझी तक्रार आता तक्त्याबद्दल नाही. अशी मोजणी आपल्याकडे पुरेशी झाली नाही, ही आहे. आपल्यासारख्या देशांसाठीचा तो जुना तक्ता प्रदेशाच्या सरासरी आकड्यांवरून बांधलेला होता, कारण वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या इथल्या लोकांची माहिती हाताशी नव्हती. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाचे २१ विभाग करून नवे तक्ते काढले. ते आधीच्यापेक्षा चांगले आहेत, पण इथल्या माणसांवर तपासण्याचं काम त्याने संपत नाही.

## 'मग मॉडेल कशाला? सरळ चाचणीच करा'

करायलाच हव्यात. पण दाचिंगचं उत्तर यायला तेहतीस वर्षं लागली. शाळेतल्या जेवणात आज बदल केला, तर त्याचा हृदयविकारावरचा परिणाम मोजायला अर्धं शतक थांबावं लागेल. मिठाचं प्रमाण, तेलाचे प्रकार, कर, पदपथ यांच्या प्रत्येक जोडीची वेगळी चाचणी घ्यायला एवढी गावंही नाहीत आणि एवढा काळही नाही. मधली दरी मॉडेलनेच ओलांडावी लागते.

फक्त एक मर्यादा विसरता कामा नये. मॉडेलमध्ये जे घातलं नाही, ते त्यातून बाहेर येत नाही. अमेरिका आणि कॅनडात 'अकॉर्ड' नावाची चाचणी झाली, १०,२५१ मधुमेहींवर. अर्ध्यांची साखर फार कडक काबूत ठेवायची, अर्ध्यांची नेहमीसारखी. विचार साधा होता: साखर जितकी कमी, तितकं हृदय सुरक्षित. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार मध्येच थांबवावे लागले. त्या गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २०३. 'साखर कमी म्हणजे धोका कमी' एवढाच पाइप असलेल्या मॉडेलला हे चौपन्न जादा मृत्यू कधीच दिसले नसते, कारण त्या दिशेला जाणारा पाइपच त्यात नव्हता.

## 'आकडे पाहिजे तसे फिरवता येतात ना?'

येतात. वर पाहिलंच की प्रामाणिक माणसांच्या हातूनही शंभरपट फरक पडतो. हितसंबंध असलेल्यांच्या हातून काय होईल ते सांगायला नको. औषध विकणाऱ्याने मॉडेल बांधून घेतलं आणि आतली गणितं कुलपात ठेवली, तर मी त्या निकालाला मत समजतो, पुरावा नाही. खरेदी-विक्रीच्या वह्या न दाखवता नफा सांगणाऱ्या भागीदारावर आपण विसंबत नाही, तेच इथेही. गृहीतकं उघडी हवीत, ती बदलली तर उत्तर किती हलतं ते छापलेलं हवं, आणि एका आकड्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला दिलेला हवा. 'नेमके १ लाख ३७ हजार ४१२ जीव वाचतील' अशा बारीक आकड्याने मला धीर येत नाही, उलट शंका येते.

## पुण्याजवळची सहा गावं

इथल्या माणसांवर तपासायचं, तर इथली माहिती कुठे आहे? थोडी आहे, आणि ती मौल्यवान आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचं झालं, हे सगळं. मग त्या बाळांची साखर सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासली. अठराव्या वर्षी मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली आढळली, बहुतेकांची उंबरठ्यावरची. आणि तपासलेल्या सगळ्या मुलामुलींपैकी जवळजवळ निम्मी वजनाने कमी होती, बीएमआय १८.५ च्या खाली.

बाहेरून आणलेल्या अनेक मॉडेलांत धोक्याची सुरुवात होते ती वाढलेल्या वजनापासून आणि चाळिशीच्या आसपास. अशा मॉडेलने शहरातल्या जाड, मध्यमवयीन माणसांसाठी कार्यक्रम सुचवला तर तो वाया जाणार नाही. पण ही अठरा वर्षांची काटकुळी मुलं त्याच्या कुठल्याच टाकीत नाहीत.

ती मुलं आता तिशीत आहेत. त्यांचं लग्न, त्यांची बाळंतपणं, त्यांची पुढची साखर हा सगळा न फुटलेला पेपर आहे. महाराष्ट्रासाठी जो कुणी मधुमेह रोखण्याचं मॉडेल घेऊन येईल, त्याला मला एवढंच विचारायचं आहे: या मुलांचा अठराव्या वर्षीचा निकाल न दाखवता, त्यांच्या आईच्या पोटातल्या नोंदींवरून तुमचं मॉडेल चालवा आणि सांगा, सदतीसच्या किती जवळ येतं?